तणाची पारख, तणनाशकाची परीक्षा : आणंदच्या विडी तंबाखू संशोधन केंद्राची वाटचाल

चरोतर म्हणजे मही आणि शेढी-वात्रक या नद्यांमधला सुपीक प्रदेश. इथली जमीन गोराडू, म्हणजे रेताड पोयट्याची. पाणी चटकन निचरते, मुळांना मोकळीक मिळते, आणि म्हणूनच विडीच्या तंबाखूला ती मानवली. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर या देशात आला. असद बेगाने १६०४-०५च्या सुमारास विजापूरहून तो अकबराच्या दरबारात नेला, आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरत परिसरात त्याची लागवड होऊ लागली. पुढे पिकाचे खरे माहेर चरोतर ठरले आणि दक्षिणेकडे निपाणी ठरले. आज देशातल्या विडी तंबाखूचा सर्वांत मोठा वाटा गुजरातमध्ये पिकतो.

या पिकाच्या संशोधनासाठी उभ्या राहिलेल्या आणंदच्या केंद्राने पंचाहत्तर वर्षे ओलांडली आहेत. त्याने दिलेल्या वाणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखात त्याच्या एका कमी बोलल्या गेलेल्या कामाचा, तणनियंत्रणाचा आणि तणनाशकांच्या चाचण्यांचा, दशकवार आढावा घेतला आहे. सुरतेच्या मराठी वाचकांना हा विषय परका वाटू नये. उधना-लिंबायत भागातल्या अनेक घरांची मुळे खानदेशच्या कपाशीच्या शेतात आहेत. ऐन पावसाळ्यात मजूर मिळत नाही आणि वावर गवताखाली जाते, तेव्हा शेतकऱ्याची काय अवस्था होते, हे त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

१९४० ते १९५० : स्थापनेचे दिवस

केंद्र जन्मले तेव्हा सुरत, खेडा, पुणे आणि निपाणी ही सारी गावे एकाच मुंबई प्रांतात होती. प्रांताच्या शेतीखात्यातले बरेच अधिकारी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात शिकलेले. तणाशी त्यांची ओळख दख्खनच्या काळ्या जमिनीत झाली होती. कुंदा आणि हरळी यांनी व्यापलेली वावरे खोल नांगरून, मुळ्या वेचून मोकळी करायची, हे त्या काळचे शास्त्र. १९०३ मध्ये तयार झालेल्या किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने त्या कामाला बळ दिले.

आणंदला त्याआधीच शेतीशिक्षणाची पायाभरणी झाली होती. सरदार वल्लभभाई पटेल आणि कन्हैयालाल मुनशी यांच्या पुढाकाराने १९३८-३९च्या सुमारास तिथे कृषिसंस्था उभी राहिली. १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला आणि १९४७ मध्ये कृषी महाविद्यालय सुरू झाले. सहकार, शिक्षण आणि संशोधन यांची सांगड घालणारे वातावरण गावात तयार होत होते.

भारतीय केंद्रीय तंबाखू समिती १९४५ मध्ये नेमली गेली. तिने १९४७ मध्ये आंध्रातल्या राजमहेंद्रीला मध्यवर्ती संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी विडी तंबाखूसाठी आणंदला केंद्र सुरू केले. कारण उघड होते. सिगारेटच्या तंबाखूकडे निर्यातीमुळे सरकारचे लक्ष होते, पण विडीचा तंबाखू लहान शेतकरी पिकवत आणि त्याच्या विड्या लाखो गरीब बायाबापड्या वळत. या पिकाला स्वतःचे केंद्र हवे, ही मागणी रास्त होती. ती मान्य करून घेणारे समितीचे सदस्य, जागा उपलब्ध करून देणारे स्थानिक पुढारी आणि पहिल्या तुकडीचे शास्त्रज्ञ व शेतमजूर या सर्वांचे हे सामुदायिक श्रेय आहे.

१९५० ते १९६० : राब, खुरपे आणि पहिले धडे

तंबाखूच्या तणाचा प्रश्न रोपवाटिकेतच सुरू होतो. बी इतके बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक दाणे भरतात. उगवलेले रोप कित्येक दिवस डोळ्यांत भरत नाही, आणि तेवढ्या अवधीत घोळ, तांदुळजा, लव्हाळा वाफा भरून टाकतात. उपटायला जावे तर तणाबरोबर रोपही हातात येते.

चरोतरच्या शेतकऱ्याचा यावर जुना उपाय होता राब. वाफ्यावर बाजरीचे भुसकट, पालापाचोळा पसरून तो जाळायचा. वरच्या थरातले तणाचे बी मरते आणि मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींचाही उपद्रव कमी होतो. कोकणात भातासाठी राब भाजणाऱ्यांना हे सांगावे लागणार नाही. केंद्राच्या पहिल्या पिढीने शेतकऱ्यांच्या या रीतीला मागास म्हणून बाजूला सारले नाही. ती मोजली, तपासली आणि पुढच्या प्रत्येक औषधाची तुलना तिच्याशी केली. केंद्राच्या स्वभावाची ओळख या एका निर्णयातून पटते.

मोजण्याची शिस्त याच दशकात रुजली. डॉ. वि. गो. पानसे आणि डॉ. पां. वा. सुखात्मे या दोन मराठी शास्त्रज्ञांचा शेतीप्रयोगांच्या संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला आणि देशभरच्या प्रक्षेत्रांवर तो हाताशी असे. सारख्या आकाराचे वाफे पाडायचे, प्रत्येक उपचाराची तीन-चार वेळा पुनरावृत्ती करायची, कोणता उपचार कुठे पडेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. एक वाफा तणासकट तसाच सोडायचा, एक हाताने निंदून स्वच्छ ठेवायचा, आणि बाकीच्यांचा निवाडा या दोघांच्या मध्ये करायचा.

रासायनिक तणनाशके तेव्हा नवी होती. पंजाबात १९३७ मध्ये सोडियम आर्सेनाइटचा प्रयोग झाला होता, दुसऱ्या महायुद्धानंतर टू-फोर-डी आले, आणि १९५२ मध्ये परिषदेने अकरा राज्यांत भात, गहू व ऊस या पिकांसाठी तणनियंत्रणाची समन्वित योजना सुरू केली. तंबाखू त्या यादीत नव्हता, आणि टू-फोर-डी त्याच्या कामाचेही नव्हते. हे औषध रुंद पानांच्या तणांना मारते, आणि तंबाखूचे पान रुंदच. शेजारच्या शेतातून वाऱ्याबरोबर आलेला तुषारसुद्धा त्याची पाने वेडीवाकडी करतो. ज्या पिकाचे पान हेच उत्पन्न, त्याला हे परवडणारे नव्हते. दुसऱ्या पिकाचे औषध उचलून तंबाखूला मारता येत नाही, हा धडा सुरुवातीलाच मिळाला.

१९६० ते १९७० : नवे राज्य, नवी व्यवस्था

१९५६ मध्ये निपाणी बेळगाव जिल्ह्यासह म्हैसूर राज्यात गेली आणि १ मे १९६० रोजी आणंद गुजरात राज्यात आले. एकेकाळी एकाच प्रांतात असलेले विडी तंबाखूचे दोन मुलूख दोन राज्यांत विभागले गेले. तरीही दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांची देवाणघेवाण सुटली नाही. पीक एकच, अडचणीही बहुतेक त्याच.

१९६५ मध्ये केंद्रीय तंबाखू समिती विसर्जित होऊन तिचे काम भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आले. व्यवस्थाबदलात अडचणी आल्या, मतभेदही झाले, पण हंगाम चुकू न देण्याची काळजी सर्वांनीच घेतली. १९६८ मध्ये भारतीय तणविज्ञान संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी कीटकनाशक कायदा संमत झाला. तणनाशकेही या कायद्याच्या कक्षेत येतात. नोंदणीशिवाय औषध विकता येत नाही, आणि ज्या पिकासाठी ते लेबलावर मंजूर आहे त्याच पिकावर ते वापरावे, ही चौकट त्यामुळे आखली गेली. प्रक्षेत्रावरच्या चाचणीचे महत्त्व या कायद्याने वाढले.

१९७० ते १९८० : तणनाशकांच्या पद्धतशीर चाचण्या

१९७० नंतर तंबाखूचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. १९७२ मध्ये गुजरात कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि आणंदचे केंद्र त्याच्या छत्राखाली आले. एकेकाळी जुन्या सुरत जिल्ह्याचा भाग असलेले नवसारीही याच विद्यापीठाचे एक प्रमुख परिसर होते. १९७८ मध्ये तणनियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्पही देशात सुरू झाला, आणि भात-गव्हापलीकडच्या पिकांतल्या तणांकडे पाहण्याची सवय वाढली.

पीक लावण्यापूर्वी किंवा तण उगवण्यापूर्वी मातीत द्यायची औषधे आता हाती आली होती. फ्लुक्लोरॅलिन आणि त्याच्या कुळातले पेंडिमिथॅलिन ही त्यांतली प्रमुख. उगवणाऱ्या तणाच्या मुळाच्या टोकाशी पेशींची विभागणी थांबवणे हे त्यांचे काम. फ्लुक्लोरॅलिन हवेत उडून जाते म्हणून फवारल्यावर लगेच मातीत मिसळावे लागते, तर पेंडिमिथॅलिनला जमिनीत ओल हवी.

हेक्टरी एक किलो क्रियाशील घटक द्यायचा तर ३० टक्के तीव्रतेचे पेंडिमिथॅलिन सुमारे ३.३ लिटर लागते, म्हणजे १०० चौरस मीटर रोपवाटिकेला अवघे ३३ मिलिलिटर. मोजमाप चुकून ते दुप्पट झाले, तर रोपाची मुळेही खुंटतात. त्यामुळे औषध तणाला मारते का, एवढ्यावर चाचणी संपत नाही. चौरस मीटरच्या चौकटीत तणांची जातवार मोजणी होते, तण उपटून, वाळवून वजन केले जाते. रोपांवर औषधाचा चट्टा पडतो का, लावणीनंतर ती कितपत तग धरतात, पानाचे वजन, रंग आणि निकोटीन यांत फरक पडतो का, पुढच्या हंगामात त्याच वावरात घेतलेल्या पिकाला इजा होते का, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच शिफारशीचा विचार होतो.

याच काळात अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने गुजरातच्या तंबाखू शेतमजुरांचा अभ्यास हाती घेतला. ओल्या पानांशी सतत संपर्क आल्याने निकोटीन कातडीतून शरीरात शिरते आणि डोकेदुखी, मळमळ, चक्कर असा त्रास होतो, आणि हातमोजे वापरल्यास तो कमी होतो, हे या अभ्यासांनी पुढे आणले. निंदणीला उभ्या पिकात वाकणाऱ्या, शेंडे खुडणाऱ्या आणि पिलवे काढणाऱ्या माणसांच्या प्रकृतीचा प्रश्न शेतीशास्त्राच्या शेजारी येऊन बसला. त्याला तिथे जागा मिळाली, हे योग्यच झाले.

१९८० ते १९९० : सूर्याची उष्णता आणि बंबाखूचा बंदोबस्त

दशकाच्या आरंभीच, १९८१ मध्ये, निपाणीला शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांचे मोठे आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. मागणी रास्त भावाची होती. उत्पादन खर्चाचा हिशेब त्या आंदोलनाने ऐरणीवर आणला, आणि त्या खर्चात निंदणी-खुरपणीच्या मजुरीचा वाटा मोठा होता. तणावरचे संशोधन हे थेट शेतकऱ्याच्या पदराशी निगडित आहे, हे यानंतर कुणाला वेगळे समजावून द्यावे लागले नाही.

रोपवाटिकेसाठी या काळात एक नवा मार्ग पुढे आला. ओल्या वाफ्यावर एप्रिल-मेच्या कडक उन्हात पातळ, पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीने बंद करायच्या. आतली माती इतकी तापते की तणाचे बी, बुरशी आणि सूत्रकृमी यांना ती सोसत नाही. इस्राएलमध्ये १९७०च्या दशकात हे तंत्र प्रथम मांडले गेले, आणि चरोतरच्या उन्हाळ्याला ते साजेसे होते. जळण न जाळता राबाचे बरेचसे फायदे यातून मिळाले. रसायनाची गरजही कमी झाली.

दुसरे आव्हान बंबाखूचे. गुजरातेत वाकुंबो म्हणून ओळखली जाणारी ही परोपजीवी वनस्पती हरितद्रव्याविना जगते. तंबाखूच्या मुळातून पाझरणारा द्राव मिळाला की तिचे बी उगवते, मुळाला चिकटते आणि पिकाचे अन्न शोषून घेते. जमिनीवर तिचा कोंब दिसतो तोवर नुकसान होऊन गेलेले असते. एका झाडापासून लाखाच्या घरात बी तयार होते आणि ते कित्येक वर्षे जमिनीत जिवंत राहते. निपाणी भागात आणि आंध्रात हा उपद्रव विशेष मोठा. वरून फवारलेल्या नेहमीच्या औषधांचा तिच्यावर फारसा उपयोग नसतो. फुलण्यापूर्वी कोंब उपटून नष्ट करणे, कोंबावर तेलाचे थेंब टाकणे, तीळ-ज्वारीसारखी सापळा पिके घेणे आणि फेरपालट लांबवणे, हे उपाय वेगवेगळ्या केंद्रांवर तपासले गेले. कमी मात्रेतली काही तणनाशकेही तपासली गेली, पण पिकाला धक्का न लावता बंबाखू मारण्याची मात्रा फार अरुंद असते. इथेही निर्णायक ठरले ते शेतकऱ्याचे वेळेवर पडलेले पाऊल.

१९८९ मध्ये जबलपूरला राष्ट्रीय तणविज्ञान संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि देशभरच्या प्रयोगांना एक सामायिक मोजपट्टी मिळाली.

१९९० ते २००० : पाणी वाढले, मजूर घटले

महीच्या उजव्या कालव्यामुळे चरोतरात ओलीत वाढले. पाण्याबरोबर तणांचे स्वरूपही बदलले. लव्हाळ्यासारखी गाठींतून फुटणारी तणे बळावली, आणि उगवणीपूर्वीच्या औषधांना ती फारशी जुमानत नाहीत. दुसरीकडे सुरतचे हिरे आणि यंत्रमाग, वडोदरा आणि अंकलेश्वरचे कारखाने यांच्याकडे माणसे वळली आणि शेतात मजूर मिळणे अवघड होत गेले. भरूच-अंकलेश्वरपासून वापीपर्यंतच्या पट्ट्यात शेतीऔषधांचे उत्पादनही वाढले. तणनाशक आता गावच्या दुकानात सहज मिळू लागले, आणि सल्ला देणाऱ्याची जबाबदारी वाढली.

केंद्राने या काळात एकात्मिक तणनियंत्रणावर भर दिला. लावणीनंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत पीक तणमुक्त राहिले तर उत्पन्न टिकते, म्हणून त्या काळावर लक्ष केंद्रित करायचे. उगवणीपूर्वी योग्य मात्रेत औषध द्यायचे, पुढे दोन ओळींत कोळपणी करायची आणि उरलेले तण खुरप्याने काढायचे. रोपवाटिकेत आधी उन्हाने माती तापवायची, औषध मग आणि तेही गरजेपुरते. आणंद ११९ आणि गुजरात तंबाखू मालिकेतले वाण यांच्या जोडीने ही पद्धत शेतकऱ्यांच्या हाती गेली. प्रक्षेत्रावरचे मजूर, प्रयोगशाळेतले साहाय्यक, निरीक्षणे टिपणारे विद्यार्थी आणि आपल्या वावरात प्रात्यक्षिक घ्यायला तयार झालेले शेतकरी यांचे कष्ट या शिफारशींमागे आहेत.

२००० ते २०१० : बदललेली दृष्टी

२००३ मध्ये तंबाखूजन्य पदार्थांवर नियंत्रण आणणारा केंद्र सरकारचा कायदा झाला आणि ५ फेब्रुवारी २००४ रोजी भारताने तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय करारावर मान्यतेची मोहोर उमटवली. तंबाखूमुळे होणारे रोग आणि मृत्यू यांविषयी शंकेला जागा उरली नव्हती. केंद्राच्या कार्यकर्त्यांनीही हे सत्य टाळले नाही. २००४ मध्येच १ मे रोजी गुजरात कृषी विद्यापीठाचे चार विद्यापीठांत विभाजन झाले. आणंद, नवसारी, जुनागढ आणि सरदारकृषिनगर ही ती चार ठिकाणे. केंद्र आणंद कृषी विद्यापीठाचा भाग झाले. सुरत नवसारी कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आले.

संशोधनाचा रोख यानंतर हळूहळू बदलला. तंबाखूऐवजी किंवा त्याच्या जोडीला कोणती पिके परवडतील, पिकातले औषधांचे अवशेष कसे घटतील, मजुरांचे आरोग्य कसे जपता येईल, हे प्रश्न पुढे आले. तणनाशकांच्या चाचण्यांचा अनुभव या नव्या कामातही उपयोगी पडला. फेरपालटात येणाऱ्या पिकाला मातीतला अवशेष बाधतो का, हे तपासण्याची सवय केंद्राला आधीपासूनच होती.

२०१० ते आजपर्यंत

२०१२ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांनी गुटख्यावर बंदी घातली. शेतीऔषधांचे नियमही बदलू लागले. मे २०२०च्या केंद्र सरकारच्या मसुद्यात बंदीसाठी सुचवलेल्या २७ औषधांत पेंडिमिथॅलिन, ऑक्सिफ्लोरफेन आणि टू-फोर-डी या तणनाशकांचाही समावेश होता. अंतिम आदेशात या तिन्हींवर बंदी आली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर निर्बंध आले आणि ते केवळ कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फत वापरण्याची अट घातली गेली. एखाद्या औषधावर संपूर्ण विसंबून राहिलेल्या शेतकऱ्यासाठी असा प्रत्येक बदल संकट ठरू शकतो. ज्यांच्याकडे प्लास्टिक, कोळपे, सापळा पीक आणि फेरपालट यांची जोड आहे, त्यांना तो पेलता येतो. आणंदने दशकानुदशके केलेल्या आग्रहाचे मोल इथे कळते.

राजमहेंद्रीच्या मध्यवर्ती संस्थेनेही अलीकडे व्यापारी शेतीच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था असे नवे नाव आणि नवी व्याप्ती स्वीकारली आहे. तंबाखूचे क्षेत्र उद्या कमी होईल, आणि व्हायलाही हवे. पण ज्या शिस्तीने इथे तणनाशकांच्या परीक्षा घेतल्या गेल्या ती शिस्त कपाशी, मिरची, भाजीपाला अशा कोणत्याही पिकाला लागू पडते.

केंद्राच्या संस्थापकांनी, शास्त्रज्ञांनी आणि मजुरांनी मिळून एक गोष्ट सिद्ध केली आहे : तणनाशकाची शिफारस ही कंपनीच्या जाहिरातीवरून होत नाही. ती वावरात, वर्षानुवर्षे, पिकाला, मातीला आणि माणसाला विचारून होते. या स्मरणिकेच्या वाचकांत शेतीऔषधांच्या धंद्यातले आणि कारखान्यांतले अनेक जण असतील, गावाकडे शेती असणारेही असतील. त्यांना एवढीच विनंती आहे. औषध घेताना लेबलावर आपल्या पिकाचे नाव आहे का ते पाहा, मात्रा मोजून घ्या, वारा पाहून फवारा, हातमोजे आणि मुखपट्टी घातल्याशिवाय कुणाला पाठीवर पंप देऊ नका, आणि शंका आली तर जवळच्या कृषी विद्यापीठात जाऊन विचारा. तिथे उत्तर मिळावे म्हणूनच ही केंद्रे उभी राहिली आहेत.